आईच्या ताटातलं वरण आणि उंदराच्या रक्तातलं प्रथिन

पत्र:

मॅडम, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात राहते, वय ३१. माझी आई ५६ वर्षांची आहे, पंचवीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. फेब्रुवारीत तिच्या डाव्या स्तनात गाठ सापडली. तपासणीत 'हर-टू पॉझिटिव्ह' आलं. केमोच्या चार सायकल झाल्यात, सोबत दर तीन आठवड्यांनी ट्रास्टुझुमॅबची सलाइन लावतात. मागच्या महिन्यात मामांनी मोबाइलवर आलेली बातमी वाचून दाखवली: 'रक्तातलं एक प्रोटीन स्तनाचा कॅन्सर वाढवतं, अमेरिकेत उंदरांवर सिद्ध झालं. ते प्रोटीन काढून टाकल्यावर गाठी झाल्याच नाहीत.' त्या दिवसापासून आईनं डाळ, अंडी, दूध, दही, शेंगदाणे सगळं बंद केलं. अर्धी भाकरी, उकडलेली भाजी, फळं आणि शहाळं, एवढ्यावर दिवस काढते. गाठ सापडली तेव्हा वजन ५२ होतं, आता ४६ आहे. परवाच्या रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन २.९ आलं. मामा म्हणतात, 'बघ, प्रोटीन उतरलं, पथ्य लागू पडतंय.' लिव्हरमधलं प्रोटीन आटवणारं म्हणून एक चूर्णही त्यांनी आणून दिलंय. आईचा भावावर फार विश्वास. मी काही बोलले की म्हणते, 'माझा कॅन्सर वाढवायचाय का तुला?' मॅडम, बातमी खोटी आहे का? खरी असेल तर मी आईला खायला काय घालू? आणि ते प्रोटीन माझ्याही रक्तात असेल का?

उत्तर:

प्रिय मुली,

वयानं तुझ्या आईपेक्षाही मोठी आहे, म्हणून 'तू'च म्हणते. बाकीचं सगळं सावकाश वाच, पण एक गोष्ट आजच कर. आज रात्री आईच्या ताटात वरण वाढ. घट्ट नको, पातळच, वाटीभर, वर अर्धा चमचा तूप. आणि चूर्णाची पुडी उचलून तुझ्या पर्समध्ये ठेव. ती पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवायची आहे, तोवर त्यातलं चिमूटभरही आईच्या पोटात जाता कामा नये.

आता बातमीकडे वळू. मी तेहेतीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवलं, आणि त्याआधी पीएच.डी.साठी चार वर्षं उंदरांवर काम केलं. ती बातमी वाचून मला धक्का बसला नाही. मामांनी कुठून तरी थाप उचलून आणलेली नाही. मूळ काम खरं आहे आणि चांगलं आहे. फक्त प्रयोगशाळेतून तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत येताना त्याचा अर्थ पार उलटा झाला. तो कुठे उलटला, ते तुला दाखवते, म्हणजे तुला आईशी भांडावं लागणार नाही.

अमेरिकेत टेनेसी राज्यात नॅशव्हिल शहर आहे. तिथे मेहारी मेडिकल कॉलेज आहे, १८७६ साली कृष्णवर्णीय डॉक्टर घडवण्यासाठी सुरू झालेलं. स्तनाच्या कॅन्सरनं तिथल्या कृष्णवर्णीय बायकांचा मृत्युदर गोऱ्या बायकांपेक्षा जवळपास ४० टक्क्यांनी जास्त आहे, त्यामुळे त्या कॉलेजात या आजारावर काम होणं साहजिकच. तिथल्या जोसिया ओचिएंग यांच्या गटानं २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विषय होता फेट्युइन-ए नावाचं प्रथिन. ते आपलं यकृत बनवतं आणि रक्तात सोडतं. गर्भातल्या बाळाच्या रक्तात ते भरपूर असतं, नावातला 'फेट' तिथूनच आला. १९४४ साली ते पहिल्यांदा वासराच्या रक्तात सापडलं. प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या असल्या की गुलाबी द्रवात वासराच्या गर्भाच्या रक्ताचा निवळ भाग, म्हणजे सीरम, घालतात. ते घातलं नाही तर बहुतेक पेशी काचेला नीट चिकटतही नाहीत आणि वाढतही नाहीत. त्या सीरममध्ये जी अनेक प्रथिनं असतात, त्यातलं हे एक मोठं. तेव्हा 'डिशमध्ये पेशी वाढवणारं हे प्रथिन शरीरात गाठ वाढवायलाही मदत करतं का?' असा प्रश्न पडणं अगदी रास्त होतं.

त्यासाठी त्यांनी उंदरांची एक खास जात घेतली. या जातीच्या माद्यांमध्ये एका विषाणूचं जनुक असं बसवलेलं असतं की त्यांच्या स्तनग्रंथींमध्ये कॅन्सर होणं जवळजवळ ठरलेलंच. मादी उंदराला स्तनग्रंथींच्या पाच जोड्या असतात, म्हणजे दहा. बहुतेक सगळ्यांत गाठी येतात, आणि त्याही काही आठवड्यांतच. या जातीचा संकर त्यांनी अशा उंदरांशी केला, ज्यांच्यात फेट्युइन-ए बनवणारं जनुकच नव्हतं. मग पिल्लं तीन तऱ्हेची झाली. काहींत जनुकाच्या दोन्ही प्रती, काहींत एक, काहींत एकही नाही. एकही प्रत नसलेल्यांमध्ये गाठी कमी जणींना झाल्या, आणि ज्यांना झाल्या त्यांनाही उशिरा झाल्या. 'झाल्याच नाहीत' हे मधल्या कुणीतरी घातलेलं मीठ-मसाला आहे.

आता एक गोष्ट नीट बघ. या प्रयोगात काय बदललं होतं? जनुक. खाणं नाही. उंदरांना पिंजऱ्यात जे कोरडं खाद्य देतात, ते मी पोत्यानं आणलंय, करंगळीच्या पेरासारख्या कांड्या असतात. त्यात साधारण शेकडा अठरा-वीस भाग प्रथिन असतं. तुझ्या आईच्या अंगणवाडीतल्या खिचडीपेक्षाही जास्त. ज्या माद्या वाचल्या त्या पोटभर प्रथिन खाऊन वाचल्या. उपाशी राहून कुणीही वाचलेलं नाही. मामांना एवढं एकच सांगता आलं तरी पुष्कळ झालं.

आणि ताटातलं प्रथिन म्हणजे रक्तातलं प्रथिन नव्हे. नाव एक आहे, घोटाळा तिथेच होतो. तूरडाळीतलं प्रथिन पोटात आणि आतड्यात गेलं की त्याचे तुकडे तुकडे होतात, अगदी सुट्या मण्यांपर्यंत. त्या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात. डाळीचे मणी, अंड्याचे मणी, दुधाचे मणी, रक्तात उतरेपर्यंत सगळे सारखेच होतात, कुणावर 'तूर' असं लिहिलेलं नसतं. यकृत त्यातून आपल्याला हवी ती माळ ओवतं. किती फेट्युइन, किती अल्ब्युमिन, रक्त गोठवणारं प्रथिन किती, हे ते शरीराच्या निकडीप्रमाणे ठरवतं. मणी बाहेरून आले नाहीत म्हणून यकृत थांबत नाही. ते हातापायांच्या स्नायूंमधून मणी उसवून आणतं. आईचे दंड बारीक दिसायला लागलेत का बघ. जिना चढताना कठड्याला धरते का? ब्लाउज सैल झालेत का? सहा किलो कुठून गेले, ते तिथे दिसेल. आणि गाठीला जे लागतं ते ती त्याच रक्तातून उचलते. आई उपाशी राहिली तर गाठ उपाशी राहील, हा हिशेब शरीरात चालत नाही. आधी आईच संपत जाते.

म्हणून अल्ब्युमिन २.९ वाचून माझ्या काळजात धस्स झालं. अल्ब्युमिन हे रक्तातलं सगळ्यात मुबलक प्रथिन. ते डेसिलिटरला साधारण साडेतीन ते पाच ग्रॅम असावं. रक्तातलं पाणी नळ्यांमध्ये धरून ठेवणं, औषधं आणि संप्रेरकं वाहून नेणं, ही त्याची कामं. ते उतरलं की पावलांवर सूज येते, अंगठ्यानं दाबलं तर खळगा पडतो आणि लगेच भरत नाही. आज संध्याकाळी आईच्या घोट्याजवळ दाबून बघ. मामा ज्या आकड्याला पथ्याचं यश समजतायत, तो आकडा धोक्याची खूण आहे. मात्र खाणं बंद केल्यानेच तो उतरला, असंही मी म्हणणार नाही. शरीरात दाह असला, संसर्ग असला की यकृत अल्ब्युमिन बनवणं मुद्दाम कमी करतं, आणि कॅन्सरमध्ये हे नेहमी घडतं. म्हणजे दोन अंडी खाल्ली आणि आठवड्यात आकडा चढला, असं होणार नाही. एकदा बनलेलं अल्ब्युमिन रक्तात वीसेक दिवस टिकतं, आकडा हलायला वेळ लागतो. तेवढा धीर धर. पण डॉक्टरांना हा आकडा आणि वजनातली घट, दोन्ही स्वतःहून सांग. ५२ चे ४६, म्हणजे शंभरातले अकरा-बारा भाग गेले. गर्दीच्या ओपीडीत प्रत्येक वेळी कुणी मागचं वजन उलटून बघेलच असं नाही.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. 'माझा कॅन्सर वाढवायचाय का?' हे ती रागानं विचारत नाही, भीतीनं विचारते. तिला वाटतं की रक्तातलं प्रथिन म्हणजे वैरी. तर तिला सांग, आई, तुला दर तीन आठवड्यांनी जी ट्रास्टुझुमॅबची सलाइन लावतात, ते काय आहे? ते प्रथिनच आहे. डॉक्टर मुद्दाम तुझ्या रक्तात प्रथिन सोडतायत, आणि ते तुझ्या गाठीच्या पेशींवरची 'हर-टू' नावाची कडी धरून बसतं, म्हणून ती पेशी वाढायचा निरोप ऐकू शकत नाही.

या औषधाचं मूळही उंदरातच आहे. हर-टूला चिकटणारी अँटीबॉडी, म्हणजे परक्या गोष्टीला धरायला शरीर बनवतं ते प्रथिन, आधी उंदरात तयार केली. उंदराचं प्रथिन जसंच्या तसं माणसाला दिलं तर आपलं शरीर ते परकं म्हणून हुसकावून लावतं. म्हणून संशोधकांनी उंदराच्या अँटीबॉडीतला चिकटणारा टोकाचा भाग तेवढा घेतला आणि बाकी सगळा सांगाडा माणसाच्या प्रथिनाचा ठेवला. हे काम १९९२ मध्ये छापून आलं. पुढे बायकांवर रीतसर चाचण्या झाल्या, आणि सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. तुझ्या आईसारख्या लाखो बायकांचं आयुष्य त्यानं लांबवलं. पूर्वी हर-टू पॉझिटिव्ह हा शब्द ऐकला की आमच्या सर्जन मैत्रिणीचा चेहरा पडायचा. आता तसं होत नाही.

त्याच १९९८ सालची दुसरी गोष्टही सांगायलाच हवी, नाहीतर उंदरावर चाललं ते माणसावर चालतंच असं तुला वाटेल. बोस्टनचे ज्युडा फोकमन हे मोठे सर्जन आणि संशोधक. त्यांच्या प्रयोगशाळेत १९९४ साली एक विलक्षण गोष्ट सापडली. उंदराच्या अंगावर एक मोठी गाठ असेपर्यंत फुप्फुसातल्या बारीक गाठी दबून राहायच्या, आणि मोठी काढली की त्या भराभर वाढायच्या. मोठी गाठ असलेल्या उंदरांच्या मूत्रातून त्यांनी ते दाबून ठेवणारं द्रव्य वेगळं काढलं. ते निघालं प्लाझ्मिनोजेन नावाच्या रक्तातल्याच प्रथिनाचा तुकडा. त्याला नाव दिलं अँजिओस्टॅटिन. गाठीकडे जाणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या ते फुटू देत नाही. १९९६ मध्ये त्यांनी माणसाच्या स्तनाच्या, आतड्याच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशी उंदरांत वाढवल्या आणि हा तुकडा टोचला. गाठी आक्रसून निपचित झाल्या. मे १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या दैनिकात पहिल्या पानावर बातमी आली आणि जगभरचे पेशंट डॉक्टरांना फोन करू लागले. फोकमन स्वतः फार सावध होते. तुम्हाला कॅन्सर असेल आणि तुम्ही उंदीर असाल तर आम्ही तुमची चांगली काळजी घेऊ शकतो, एवढंच ते म्हणत. पुढे माणसांवरच्या चाचण्यांत तो तुकडा उंदरांसारखा चालला नाही. रक्तवाहिन्या रोखायची त्यांची कल्पना मात्र टिकली आणि तिच्यातून वेगळी औषधं आली.

दोन्ही कामं उंदरांतूनच आली, दोन्हींत रक्तातली प्रथिनं आणि दोन्हींत स्तनाचा कॅन्सर. एक आईच्या सलाइनमध्ये आहे, दुसरं नाही. कोणतं पुढे जाईल हे पिंजऱ्यापाशी उभं राहून कुणालाच सांगता येत नाही. मधली आठ-दहा वर्षं आणि हजारो बायकांनी चाचण्यांत दिलेला सहभाग, हे सगळं ओलांडूनच ते कळतं. मामांच्या फोनवरच्या बातमीत तो मधला रस्ताच नाही.

मी स्वतः या गाठी मोजल्यात. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत मानेवरची कातडी धरायची, शेपटी करंगळीत अडकवायची, उंदीर पोट वर करून शांत होतो. उजव्या हातात व्हर्नियर कॅलिपर. लांबी, रुंदी, वहीत नोंद. वीस-बावीस ग्रॅमचा तो जीव, आणि बाजूला वाटाण्याएवढी गाठ. आमच्या पिंजऱ्यातल्या सगळ्या एकमेकींच्या बहिणी असायच्या, पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच संकर केलेल्या, त्यामुळे जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी. एकच खाद्य, एकच तापमान, दिवाही ठरल्या वेळी लागणार आणि विझणार. असं सारखं जग केल्याशिवाय एका जनुकाचा परिणाम दिसत नाही, म्हणून तर उंदीर घ्यायचे. पण तुझी आई त्या पिंजऱ्यात राहत नाही ना. तिला दोन बाळंतपणं झाली, पाळी गेली, उन्हातान्हात वाड्या-वस्त्या हिंडून तिनं लसीकरण करवलं, तिला केमो चालू आहे. उंदरांमधला एक धागा उचलून तो तिला लावायचा कसा?

उंदरांच्या जातींमध्येही एकमत नसतं, हे आपल्या मुंबईत फार आधी अभ्यासलं गेलंय. पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या संशोधक कमल रणदिवे यांनी मुंबईत पॅथॉलॉजिस्ट डॉ. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्यांनी अभ्यास केला तो उंदरांच्या चार जातींचा. काही जातींना स्तनाचा कॅन्सर चटकन होतो आणि काहींना होत नाही, त्यांच्या ग्रंथींत फरक काय, हा त्यांचा प्रश्न होता. आम्हा मुलींना त्या काळी प्रयोगशाळेत जायची हिंमत ज्यांच्यामुळे आली, त्यांतल्या त्या एक. आईला त्यांच्याबद्दल सांग, तिला आवडेल.

फेट्युइनचंही असंच आहे. ते नसलेल्या उंदरांच्या एका जातीत अंगभर चुना साचतो, हृदयात, मूत्रपिंडात, कातडीत. कारण रक्तातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट भलत्या जागी बसू नये म्हणून धरून ठेवणं, हे त्या प्रथिनाचं रोजचं काम. दुसऱ्या जातीत मात्र तसं फारसं होत नाही. आणि टोरांटोच्या संशोधकांनी २००४ मध्ये आतड्याच्या गाठी होणारे उंदीर घेऊन बघितलं, तर तिथे हेच प्रथिन गाठीची वाढ रोखत होतं! स्तनात एक वागणं, आतड्यात नेमकं उलटं. त्यामुळे समजा उद्या चूर्णानं खरोखरच हे प्रथिन आटलं, तरी ते आटवणं शहाणपणाचं ठरेल का? मला तरी नाही वाटत. आणि चूर्णाचा खरा धोका वेगळाच आहे. केमोच्या कितीतरी औषधांची विल्हेवाट यकृतच लावतं. त्या यकृतावर काय घटक आहेत हे माहीत नसलेली पुडी रोज टाकायची म्हणजे सायकल पुढे ढकलली जाण्याला आमंत्रण.

कुणीतरी तुला दुधाबद्दलही सांगेल, म्हणून आधीच लिहिते. यकृत बनवतं असं आणखी एक प्रथिन आहे, आयजीएफ-वन. दुधानं ते रक्तात वाढतं, असं म्हणतात. २००३ मध्ये अमेरिकेत काही उंदरांच्या यकृतातलं ते जनुक बंद केलं, रक्तातलं प्रमाण पाव भागावर आलं, आणि स्तनाच्या गाठी कमी झाल्या, उशिरा झाल्या. माणसांतही ज्या बायकांच्या रक्तात ते जास्त असतं त्यांना धोका थोडा जास्त दिसतो. पण या प्रथिनाची वाट अडवणारी औषधं स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटना देऊन बघितली तेव्हा अपेक्षेसारखा फायदा मिळाला नाही. मग कपभर दूध सोडून काय साधणार? सहा किलो गमावलेल्या बाईनं तर दूध सोडूच नये.

आता ताटाकडे. कॅन्सरच्या उपचारात वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला एक ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिन लागतं, जमलं तर दीडपर्यंत. तुझ्या आईला म्हणजे ४६ ते ६९ ग्रॅम. तू लिहिलेलं जेवण मी मांडून बघितलं, ते वीसच्या पुढे जात नाही. एक अंडं सहा ग्रॅम. मोठा पेला दूध आठ. घट्ट वरणाची वाटी सहा-सात. मूठभर शेंगदाणे सात-आठ. शंभर ग्रॅम पनीर अठरा. आईला तोंड आलं असेल, चव गेली असेल, तर भाकरी टोचते, म्हणून तिखट-मीठ कमी करून मुगाच्या डाळीची पळीवाढी खिचडी कर, त्यात तूप. नाचणीची आंबील ताकाऐवजी दुधात शिजव. उसळ चालेल, पण मटकी शिजलेलीच हवी, मोड आलेलं कच्चं काही नको. अंडं कडक उकडून. दूध उकळलेलं, दही घरी विरजलेलं आणि त्याच दिवसाचं. केमोत पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा बाहेरचं आणि कच्चं टाळायचं ते संसर्गासाठी. शेंगदाण्याचं कूट भाजीत घालायला तुला सांगलीकरणीला मी काय शिकवणार. एकदम सगळं सुरू करू नकोस. महिनाभर पोट आकसलंय, चार-पाच दिवसांत हळूहळू वाढव, तीनदा भरपेट देण्यापेक्षा सहादा थोडंथोडं दे. आणि मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नकोस. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतात, केसपेपर दाखवून त्यांची वेळ माग.

मामांना दूर लोटू नकोस. बहीण आजारी पडल्यावर काहीच करता येत नाही, हे त्यांना सहन होत नसावं. बहिणीसाठी काहीतरी करायचं म्हणून ते बातम्या वाचतात, पुड्या आणतात. त्यांना दुसरं काम दे. पुढच्या सायकलला आईसोबत त्यांनाच पाठव, प्रश्न कागदावर लिहून दे, आणि पहिलाच प्रश्न 'डाळ-अंडी खायची का?' हा ठेव. डॉक्टरांचं 'हो' त्यांच्या कानांनी ऐकू दे. तुझ्या तोंडून ते शंभरदा ऐकून आईला पटणार नाही, भावाच्या तोंडून एकदा पटेल.

तुझ्या रक्तात फेट्युइन-ए आहे का? आहे. माझ्या आहे, मामांच्या आहे, प्रत्येकाच्या आहे. ते मोजून घेण्याचा काही उपयोग नाही, कुणी पॅकेज विकायला आलं तर पैसे घालवू नकोस. त्यापेक्षा आजी, मावश्या, आत्या, चुलत-मावस बहिणी यांच्यात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर कुणाला झाला होता का, किती वयात, ते विचारून लिहून काढ. आणखी कुणी निघालं तर आईच्याच डॉक्टरांना जनुकीय समुपदेशनाबद्दल विचार. स्वतःला कधी गाठ लागली, निप्पल आत ओढलं गेलेलं दिसलं, रक्त आलं, तर लाजू नकोस, त्याच आठवड्यात दाखव.

शेवटी एक युक्ती. तुझ्या आईनं पंचवीस वर्षं पोरांना काट्यावर घातलं, वाढीच्या तक्त्यावर ठिपके काढले. पिवळ्या पट्ट्यात उतरलेल्या पोराच्या आईला ती काय सांगायची? 'डाळ घाल, अंडं घाल, दाण्याचा लाडू दे.' हे तिनं हजारो घरांत सांगितलंय, आणि तिचा स्वतःचा ठिपका आता खाली चाललाय. एक आलेखाचा कागद आण, फेब्रुवारीतले ५२ आणि आजचे ४६ असे दोन ठिपके काढ, आणि पेन तिच्या हातात दे. दर सोमवारी सकाळी, चहाच्या आधी, तिचं वजन तिनंच मांडायचं. तीन सोमवार झाले की मला कळव, काट्यावर किती आलं ते.